काय न्यायचं आणि काय न्यायचं नाही : दूरच्या नदीवर जाण्याच्या तयारीचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, की ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं त्याने मासेमारीच्या सहलीवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. मासा कसा पकडावा हे आज आपण सांगणार नाही, तो आपला अधिकारही नाही. आपण पाहणार आहोत ती तयारी. माणूस दूरच्या, आडबाजूच्या नदीवर जायला निघतो तेव्हा निघण्याआधी तो काय काय करतो, आणि ते गेल्या अठराशे वर्षांत कसं बदलत गेलं, एवढाच आजचा विषय आहे. घर सोडण्याआधी माणूस जी पिशवी भरतो, तिच्यात तो जिथे जाणार आहे त्या जागेविषयीची त्याची समजूत भरलेली असते.

आधी थोडी ओळख करून घेऊ. आपल्याकडे गळ म्हटला की काठी, दोरी, आकडा आणि आकड्याला गांडूळ किंवा कणकेची गोळी, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. इंग्रजीत ज्याला फ्लाय फिशिंग म्हणतात त्यात खरं आमिष नसतं. आकड्यावर पिसं, लोकर, रेशमाचा धागा गुंडाळून कीटकाची प्रतिकृती करतात. तिला आपण कृत्रिम माशी म्हणू. ही माशी इतकी हलकी असते की ती फेकता येत नाही. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. काठी मागेपुढे झुलवून दोरी फेकायची, आणि दोरीमागोमाग माशी अलगद पाण्यावर उतरते. मासा फसला तर फसला. ट्राउट आणि सामन हे थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातले मासे या खेळाचे मुख्य लक्ष्य. अशा नद्या वस्तीपासून दूर असतात, म्हणून नदीकाठी निवास बांधले गेले. त्यांना लॉज म्हणतात. रशियाच्या कोला द्वीपकल्पात किंवा न्यूझीलंडच्या डोंगरात यातल्या कित्येक जागी हेलिकॉप्टरनेच पोहोचता येतं. आठवडाभराचा मुक्काम, आसपास दुकान नाही, म्हणजे विसरलं ते विसरलं. त्यामुळे अशा ठिकाणी जाणाऱ्याला निघण्याआधी यादी पाठवली जाते.

अशा आजकालच्या यादीचे सरळ दोन भाग पडतात. पहिला भाग ओळखीचा : काठी दोन, रीळ, दोरी, माश्यांची डबी, पाण्यात उभं राहायचे छातीपर्यंतचे जलरोधक पायजमे, बूट, पावसाळी कोट, लोकरीचे कपडे, औषधं. दुसरा भाग वेगळा आहे. बूट घासून धुवा. पूर्ण वाळवा. कुठल्या नदीत आधी वापरले ते सांगा. अमुक प्रकारच्या तळव्याचे बूट आणूच नका. म्हणजे पहिला भाग काय आणायचं ते सांगतो आणि दुसरा काय आणायचं नाही ते. पहिला भाग जुना आहे. दुसरा जेमतेम एका पिढीचा. हा दुसरा भाग का लिहावा लागला, त्याचा हा इतिहास.

सुरुवात मॅसिडोनियापासून करू. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने प्राण्यांविषयी ग्रीक भाषेत मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की मॅसिडोनियात अस्ट्रेअस नदीत ठिपकेदार मासे आहेत आणि ते पाण्यावर तरंगणारी एक विशिष्ट माशी खातात. तिथल्या लोकांना अडचण अशी, की ती माशी आकड्याला लावता येत नाही. माणसाचा हात लागला की तिचा रंग जातो, पंख चुरगळतात आणि मासा तिला तोंड लावत नाही. मग त्यांनी काय केलं? आकड्याला तांबडी लोकर गुंडाळली आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणासारख्या रंगाची दोन पिसं बांधली. काठी सहा फुटांची, दोरीही तेवढीच. या कलेचं हे सर्वांत जुनं लेखी वर्णन.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की कृत्रिम माशीचा जन्म न्याहाळण्यातून झाला. मासा काय खातो, कधी खातो, काय नाकारतो हे त्या लोकांना आधी ठाऊक होतं. सामान फार थोडं : लोकर, पिसं, आकडा. तयारी सगळी डोळ्यांत होती.

आता तिथून आपल्या मुलखात येऊ, कारण गळाचा शास्त्रोक्त विचार आपल्याकडेही झालेला आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या राज्यात होता. राजाने आपलं मन कसं रमवावं हे सांगताना त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण येतं. माशांच्या जाती, कुठला मासा समुद्रातला, कुठला नदीतला, कुणाला काय खाऊ घालायचं, दोरी कशाची वळायची, काठी आणि आकडा कसा असावा, सगळं तपशिलाने आहे. यात कृत्रिम माशी नाही, आमिष खरंच आहे. पण एक गोष्ट नवी दिसते : राजाच्या खेळासाठी माशांना आधी खाऊ घालून ठेवायचं. मॅसिडोनियातला माणूस माशाच्या सवयीप्रमाणे वागत होता. इथे माशाला राजाच्या सोयीची सवय लावली जाते. तयारीचे हे दोन प्रकार आपण मनात ठेवू या. एकात माणूस स्वतःला नदीसाठी तयार करतो. दुसऱ्यात तो नदीला स्वतःसाठी तयार करतो.

इंग्लंडमध्ये १४९६ साली वेस्टमिन्स्टरच्या विंकिन द वर्ड या मुद्रकाने शिकारीविषयीच्या एका प्रसिद्ध ग्रंथाची नवी आवृत्ती छापली आणि तीत गळाने मासे पकडण्यावरचा एक निबंध घातला. ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीचं नाव त्याच्याशी परंपरेने जोडलं जातं. या निबंधात बारा कृत्रिम माश्या दिल्या आहेत, आणि त्या महिन्यांनुसार लावल्या आहेत. मार्चमध्ये कुठली, मे महिन्यात कुठली, असं. आपल्याकडे कुठल्या नक्षत्रात काय पेरायचं याचं गणित शेतकऱ्याच्या तोंडी असतं, तसंच हे. काठी स्वतः करायची. त्यासाठी लाकूड हिवाळ्यात तोडायचं, सरळ करायचं, महिनोन्‌महिने वाळवायचं. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची. ती पाण्याच्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांत रंगवायची. म्हणजे वसंतात नदीवर जाणाऱ्याची तयारी आधीच्या हिवाळ्यात सुरू होते. बसल्या जागी तो नदीचं वर्ष पाठ करत असतो.

निबंधाच्या शेवटी काही नियम येतात. दुसऱ्याचं कुंपण मोडू नका. फाटक उघडलंत तर लावून घ्या. हाव धरून गरजेपेक्षा जास्त मासे काढू नका. पाचशे वर्षांपूर्वीच्या या पानांवर ‘काय करायचं नाही’ याचं बीज आहे. पण ते शिष्टाचाराच्या रूपात आहे. शेजाऱ्याच्या कुंपणाची काळजी आहे, नदीची अजून नाही. कारण तेव्हा माणूस चालत जाईल तेवढ्याच अंतरावरच्या नदीवर जात होता. त्याच्या पायाला लागलेला चिखल त्याच नदीचा होता.

एकोणिसाव्या शतकात हे अंतर बदललं. आगगाडी आली, वाफेची जहाजं आली, आणि सुट्टी व पैसा असलेला इंग्रज वर्ग सामनसाठी स्कॉटलंडला, मग नॉर्वेला जाऊ लागला. नॉर्वेतल्या लोकांनी त्यांना नावच ठेवलं : सामन-लॉर्ड. हे साहेब शेतकऱ्यांकडून नदीचे पट्टे भाड्याने घेत, काठावर घरं बांधत आणि दर उन्हाळ्यात येत. आजच्या लॉजचा उगम बराचसा इथे आहे. १८४८ साली लंडनमध्ये नॉर्वेची एक मार्गदर्शिका निघाली, खास सामन पकडणाऱ्यांसाठी. काढणारे होते जोन्स, म्हणजे गळाचं सामान विकणारे दुकानदार! यात वावगं काही नाही. ज्याचं दुकान त्याने माहिती द्यावी हे ओघानेच आलं. पण तयारी या शब्दाचा अर्थ तिथे सरकला, बरं का. आता ती विकत मिळू लागली.

मग नदीची माहिती कुणाकडे होती? ती स्थानिक माणसाकडे होती. स्कॉटलंडमध्ये अशा सोबत्याला गिली म्हणतात. मूळ गेलिक शब्दाचा अर्थ पोरगा, सेवक. मासा कुठल्या खडकामागे थांबतो, पाणी किती चढलं की कुठली माशी लावायची, हे त्याच्या डोक्यात असे. साहेबाच्या पेटीत सामान, नोकराच्या डोक्यात नदी. पुस्तकात नाव मात्र साहेबाचं. ज्ञानाचा इतिहास शिकवताना आपण हे नेहमी पाहतो : जाणणारा एक आणि जाणकार म्हणून ओळखला जाणारा दुसरा.

त्या पेटीतल्या माश्याही बदलल्या. सामनसाठीच्या व्हिक्टोरियन माश्या कुठल्याही खऱ्या कीटकासारख्या दिसत नाहीत. त्या दागिन्यांसारख्या दिसतात. १८९५ साली जॉर्ज केल्सन यांनी या माश्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांत चीनच्या सोनेरी फेझंटची पिसं आहेत, दक्षिण अमेरिकेतल्या मकाव पोपटाची आहेत, आणि आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचीही आहेत. रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर लाखेच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असतात. ते पाण्यात डोळ्यासारखे दिसतात म्हणून त्या पिसांना फार मागणी. सह्याद्रीतला कोंबडा मारायचा, त्याची मान जहाजाने लंडनला, तिथून माशी होऊन नॉर्वेला. साम्राज्याचा सगळा नकाशा एका आकड्यावर बांधलेला. हा मोह अजून संपलेला नाही. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जतन केलेली शरीरं चोरीला गेली, ती याच माश्यांच्या पिसांसाठी. त्यात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेले पक्षीही होते. त्या संशोधकाच्या टिपणांसह जपलेला पुरावा काही हौशी लोकांच्या डबीत गेला.

आता आपण या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या वळणाशी आलो. आतापर्यंत माणूस मासा होता तिथे जात होता. पण इंग्रज जगभर पसरले, आणि जिथे गेले तिथे ट्राउट नव्हता. मग त्यांनी ठरवलं, की मासाच घेऊन जायचा.

काम सोपं नव्हतं. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया म्हणजे तीन महिन्यांचा समुद्रप्रवास, तोही विषुववृत्त ओलांडून. माशाची अंडी थंड पाण्यात राहिली तरच टिकतात. आधीचे प्रयत्न फसले. जेम्स यूल नावाच्या गृहस्थांनी मग लंडनच्या एका बर्फ कंपनीच्या तळघरात प्रयोग केले. अंडी शेवाळात गुंडाळून, भोकं पाडलेल्या लाकडी खोक्यांत घालून बर्फात पुरली, तर त्यांची वाढ मंदावते आणि ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात, असं आढळलं. जानेवारी १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ नावाचं जहाज टनावारी बर्फ आणि सामनची लाखाच्या वर अंडी घेऊन निघालं. एप्रिलच्या मध्याला ते मेलबर्नला पोहोचलं, आणि अंडी पुढे टास्मानियात डरवेंट नदीच्या खोऱ्यात गेली. त्यांच्यासाठी तिथे आधीच कुंडं खोदून ठेवली होती. तयारी म्हणून पाहिलं तर हा विलक्षण पराक्रम आहे, ते मान्यच केलं पाहिजे.

आणि झालं काय? ज्याच्यासाठी एवढी तयारी केली तो सामन पिल्लं होऊन समुद्रात गेला आणि परत आलाच नाही. पण त्याच जहाजावर, जाता जाता कुणीतरी दिलेली तपकिरी ट्राउटची तीनेक हजार अंडी होती. त्यातली फार थोडी जगली, आणि त्यांचा वंश टास्मानियाभर पसरला. १८६७ साली तिथून ती न्यूझीलंडला गेली. आज न्यूझीलंड ट्राउटसाठी जगप्रसिद्ध आहे आणि जगातले नावाजलेले दुर्गम लॉज तिथे आहेत. त्यांचा पाया हा असा आहे. योजनेतलं साधलं नाही. योजनेच्या कडेला होतं ते साधलं.

हाच प्रयोग आपल्याकडेही झाला. नीलगिरीत १८६० च्या दशकात फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञांनी केलेला प्रयत्न फसला. तिथे ट्राउट रुजायला विसावं शतक उजाडलं. काश्मीरमध्ये १८९९ साली ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी पाठवलेली अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली अंडी पोहोचली. श्रीनगरमधल्या गालिच्यांच्या कारखान्याचे व्यवस्थापक फ्रँक मिचेल यांनी या कामात पुढाकार घेतला, महाराजा प्रतापसिंहांच्या राज्यात हॅचरी उभी राहिली, आणि लिद्दर, सिंध, ब्रिंगी या नद्या ट्राउटच्या नद्या झाल्या. पहलगामला गेलेल्या आपल्या मराठी पर्यटकाला ट्राउट ही काश्मीरची जुनी खासियत वाटते. तिचं वय जेमतेम सव्वाशे वर्षं आहे.

मंडळी, यात कुणी खलनायक नाही. या लोकांना नदी उजाड वाटत होती, आणि ती भरून काढावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. चूक त्या ‘उजाड’ शब्दात होती. न्यूझीलंडच्या टाउपो सरोवरात कोआरो नावाचा छोटा मासा होता. नगाती तुफारेतोआ या माओरी लोकांचा तो मोठा अन्नाधार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे ट्राउट सोडला गेला, आणि काही दशकांत कोआरो इतका घटला की अन्न म्हणून तो उरलाच नाही. १९२६ साली कायदा होऊन सरोवराचा तळ सरकारकडे गेला. ज्या पाण्यातून पिढ्यान्‌पिढ्या जेवण मिळत होतं तिथे ट्राउटवर गळ टाकायला परवाना लागू लागला. साधारण त्याच सुमारास झेन ग्रे हे अमेरिकन कादंबरीकार तिथे मासेमारीला गेले आणि न्यूझीलंडला गळकऱ्यांची सुवर्णभूमी म्हणून त्यांनी जगाला ओळख करून दिली. सुवर्णभूमी कुणासाठी, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या नावातच दडलेला आहे.

आता कुणी म्हणेल, की हे सगळं इंग्रजांनी केलं, आपला काय संबंध? म्हणून आपल्या घरचं उदाहरण पाहू.

कर्नल विल्यम साइक्स हे मुंबई सरकारचे अधिकारी. १८२० च्या दशकात त्यांनी दख्खनभर फिरून पक्षी, प्राणी, पिकं, लोकसंख्या सगळ्याच्या नोंदी केल्या. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका माशाचं त्यांनी १८३९ मध्ये वर्णन केलं आणि स्थानिक नाव कानाला लागलं तसं वैज्ञानिक नावात घातलं : खुदरी. हा आपला निळ्या पराचा महाशीर. महाशीर हा ट्राउट नव्हे, त्याला गळ बहुधा आमिषाचाच लावत. पण भारतात गळकऱ्यांचा राजा तोच. एच. एस. थॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्यांनी १८७३ साली भारतातल्या गळमासेमारीवर जे पुस्तक लिहिलं त्याचा नायकही महाशीरच. आपल्याकडे त्याचा मान वेगळ्या रीतीने राखला गेला. महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून हे मासे राखले आहेत. लोक त्यांना खाऊ घालतात, पकडत नाहीत.

धरणं झाली, नद्या आटल्या, महाशीर कमी होऊ लागला. तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला वीज कंपनीच्या तलावांकाठी त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. काम चांगलं होतं आणि यशस्वीही झालं. तयार झालेली पिल्लं मग देशात इतरत्र सोडली गेली, त्यात कावेरीही होती. कावेरीच्या काठावर गळकऱ्यांच्या जगप्रसिद्ध छावण्या होत्या. मोठा महाशीर पकडायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत सोडायचा, असा तिथला रिवाज. पण कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा होता : पाठीवर उंचवटा असलेला, शंभर पौंडांच्या पुढे जाणारा. १९४६ साली काबिनीत १२० पौंडांचा महाशीर पकडल्याची नोंद आहे.

२०१५ साली शास्त्रज्ञांनी एका छावणीच्या नोंदवह्या तपासल्या. १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेले सहा हजारांहून अधिक महाशीर त्यात होते. चित्र स्पष्ट होतं. एकूण मासे वाढत होते, म्हणून सगळ्यांना वाटत होतं की छान चाललंय. पण वाढत होता तो निळ्या पराचा, म्हणजे आपला, बाहेरून आलेला. कावेरीच्या मूळ महाशीराची लहान पिल्लं नोंदीत जवळजवळ दिसेनाशी झाली होती. म्हातारे तेवढे उरले होते, मागची पिढी नव्हती. २०१८ साली त्या माशाचं शास्त्रीय नाव एकदाचं निश्चित झालं, टोर रेमादेवी. आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. नाव मिळालं आणि मृत्यूची घंटाही.

लोणावळ्याचा मासा कावेरीला नेणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. मुळा-मुठेचा महाशीर काय आणि कावेरीचा काय, महाशीर तो महाशीर, असं त्यांना वाटलं असणार. नीतिशास्त्रात आपण हेतू आणि परिणाम यांचा वाद घालतो. इथे त्या दोहोंच्या मधली एक गोष्ट महत्त्वाची आहे : माहिती. सोडण्याआधी ‘इथे आधीपासून कोण राहतं?’ हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही. तयारी मासा जगवण्याची होती, नदी जाणण्याची नव्हती.

आणि हेही पाहा, की ही गोष्ट उघडकीला आली ती छावणीच्या वह्यांमुळे. कुणीतरी रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात किती तास गळ टाकला, कुठला मासा, किती वजन, हे निमूटपणे लिहून ठेवत होतं. पुढे संरक्षित पट्ट्यातली गळमासेमारी बंद झाली, त्याबरोबर या नोंदीही थांबल्या. बंदी बरोबर की चूक यावर दोन मतं आहेत. पण नोंद थांबली की नदी आपल्यासाठी मुकी होते, एवढं खरं.

आता त्या यादीच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. ऑक्टोबर २००४ मध्ये न्यूझीलंडच्या साउथलँड भागात वायाऊ नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. एकपेशीय जीव, डोळ्यांना दिसत नाही, पण वाढला की नदीच्या तळावर भिजलेल्या लोकरीसारखी जाड गादी पसरते. पाण्याच्या एका थेंबातून तो दुसऱ्या नदीत जाऊ शकतो. आणि गळकऱ्यांच्या बुटांना तेव्हा नमद्याचे तळवे असत, शेवाळलेल्या दगडांवर पाय घसरू नये म्हणून. नमदा म्हणजे दाबून बसवलेली लोकर. ती दिवसेंदिवस ओली राहते. न्यूझीलंडने २००८ साली गळकऱ्यांना नमद्याचे तळवे वापरायला बंदी केली. तपासा, धुवा, वाळवा, अशी तीन शब्दांची मोहीम देशभर चालली. वाळवा म्हणजे किती? हाताला कोरडं लागल्यावर आणखी ४८ तास.

नॉर्वेत यापूर्वीच मोठा धडा मिळाला होता. १९७० च्या दशकात बाहेरून आणलेल्या माशांबरोबर एक सूक्ष्म परजीवी आला आणि पन्नासच्या आसपास नद्यांत सामनची पिल्लं मारू लागला. तो घालवायला काही नद्यांत विष सोडून सगळे मासे मारावे लागले आणि नदी पहिल्यापासून भरावी लागली. आता तिथे काठी-दोरी-बूट निर्जंतुक केल्याशिवाय नदीत उतरता येत नाही. आइसलँडला दुसरीकडे वापरलेलं सामान नेताना निर्जंतुकीकरण केल्याचा पुरावा लागतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. न्यूझीलंडमध्ये ट्राउट हाच पाहुणा. मग एका पाहुण्याच्या रक्षणासाठी दुसऱ्या पाहुण्याला दारात अडवायचं, हा ढोंगीपणा नाही का? आपल्याला तसं वाटत नाही. आधीच्या पिढीने बिनविचारता दार उघडलं, म्हणून पुढच्या पिढीने ते उघडंच ठेवावं असं निष्पन्न होत नाही. डिडिमोची गादी ट्राउटला अडचण करते, तशीच मूळच्या माशांना आणि कीटकांनाही करते. बूट धुतल्याने कोआरो परत येणार नाही. पण बूट धुणारा माणूस एक गोष्ट कबूल करत असतो, की आपण जिथे जातोय तिथे आधीपासून कुणीतरी राहतं, आणि आपल्याबरोबर आपल्याला न दिसणारंही काही जातं. ‘नॉरफोक’ जहाजावरच्या कर्तबगार लोकांकडे सगळी तयारी होती, एवढी एक जाणीव नव्हती.

आपल्या परंपरेत ब्रह्मसूत्रांचा पहिला शब्द ‘अथ’ आहे. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ ‘त्यानंतर’ असा लावला. कशानंतर? तर विवेक, वैराग्य वगैरे साधनं अंगी आल्यानंतर. म्हणजे जिज्ञासेलासुद्धा पूर्वतयारी लागते, आणि ती तयारी वस्तूंची नसते, माणसाची असते. नदीच्या बाबतीतही ‘अथ’ आहे असं म्हणायला हरकत नाही.

तेव्हा आपल्यापैकी कुणी काश्मीरला, हिमाचलात तीर्थन खोऱ्यात, किंवा परदेशी असलेल्या मुलाबाळांबरोबर अशा एखाद्या लॉजवर जाणार असेल, तर यादीतलं सामान जरूर घ्या. गरम कपडे आणि रोजची औषधं दुप्पट घ्या. डॉक्टर दूर असतो. परवान्याची चौकशी निघण्याआधी करा. बूट घरीच घासून, कडक उन्हात वाळवून न्या, आणि परत येतानाही तसेच आणा; आपल्या ओढ्यांनाही तोच न्याय. पिसांची माशी घेताना पिसं कुठून आली ते विचारा. सोबतच्या स्थानिक वाटाड्याचं नाव विचारा आणि ते लिहून ठेवा. तिथला मूळचा मासा कुठला, त्याला ते काय म्हणतात, तो आता दिसतो का, हेही विचारा. त्यासाठी पिशवीत एक वही आणि दोन पेन्सिली ठेवा. शाई पाण्याने पुसली जाते, शिशाचं अक्षर राहतं.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर आता घेऊ.